किलोमागे किती?

एका घरातले सकाळचे दूध घ्या. पातेले एकच. साठ किलो वजनाचे वडील त्यातले कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर पितात. दहा किलो वजनाचे वर्षाचे मूल दिवसभरात अर्धा लिटर पिते. त्या दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीपासून येणारे विष आहे आणि त्याचे प्रमाण भारतीय कायद्याच्या मर्यादेला, म्हणजे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमला टेकलेले आहे असे धरू. वडिलांच्या पोटात ०.१ मायक्रोग्रॅम गेले. साठने भागले तर शरीराच्या दर किलोला साधारण १.७ नॅनोग्रॅम. मुलाच्या पोटात ०.२५ मायक्रोग्रॅम गेले. दहाने भागले तर दर किलोला २५ नॅनोग्रॅम. फरक पंधरापट, आणि दूध मात्र कायद्याने निर्दोष.

अन्नातल्या घातक रसायनांची चर्चा आपल्याकडे होते ती पदार्थांची. अमुक भाजीत कीटकनाशक सापडले, तमुक मसाल्यात शिसे सापडले. ते कोणाच्या पोटात किती गेले, हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. घरातले ताट सगळ्यांचे एक असते, पण त्यातल्या दोषाची झळ प्रत्येकाला त्याच्या वयाप्रमाणे लागते, आणि सर्वांत जास्त ज्यांना लागते त्यांना आपल्या ताटात काय यावे हे ठरवता येत नाही.

हिशेब तसा साधा आहे. पदार्थातले रसायनाचे प्रमाण, तो पदार्थ किती खाल्ला त्याने गुणायचे आणि खाणाऱ्याच्या वजनाने भागायचे. लहान मुलांच्या बाबतीत या हिशेबातल्या दोन बाजू एकदम बिघडतात. वजन कमी असते, आणि वाढीसाठी लागणारे अन्न वजनाच्या मानाने पुष्कळ असते. पहिल्या सहा महिन्यांत बाळ वजनाच्या दर किलोमागे मोठ्या माणसाच्या सातपट पाणी शरीरात घेते. एक ते पाच वर्षांची मुले दर किलोमागे तीन ते चारपट अन्न खातात. शिवाय त्यांचा आहार एकसुरी असतो. मोठा माणूस दिवसाला वीस-पंचवीस जिन्नस खातो, त्यामुळे एखाद्यातला दोष इतरांत विरून जातो. दूध, मऊ भात आणि नाचणीची पेज यांवर वाढणाऱ्या बाळाला ही सोय नाही.

सुरक्षित मात्रा ठरवण्याची रूढ पद्धत १९५४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू या शास्त्रज्ञांनी मांडली. प्राण्यांवर काहीच परिणाम दिसला नाही अशी मात्रा घ्यायची आणि तिला शंभरने भागायचे: दहा यासाठी की माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि आणखी दहा यासाठी की सगळी माणसे सारखी नसतात. जगभरची कोष्टके या शंभरावर उभी आहेत. पण दुसऱ्या दहात तान्हे बाळ बसते का? बालरोगतज्ज्ञ फिलिप लँड्रिगन यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकेतल्या एका समितीने १९९३ मध्ये कीटकनाशके आणि मुलांचा आहार या विषयावर अहवाल दिला, आणि त्यात हीच उणीव दाखवली. त्यावरून १९९६ मध्ये तिथे कायदा झाला: मुले सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नसेल तर कीटकनाशकाची मर्यादा आणखी दहापट कडक करायची. युरोपातही आता मान्य झाले आहे की नेहमीची सुरक्षित मात्रा सोळा आठवड्यांच्या आतल्या बाळांना जशीच्या तशी लावता येत नाही. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

कोणाच्या पोटात किती जाते हे मोजायचे कसे, याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ गवतावर पडते, गाय ते गवत खाते आणि स्ट्रॉन्शियम-९० दुधात उतरते, या धास्तीतून १९६१ मध्ये अमेरिकेने ‘संपूर्ण आहार पाहणी’ सुरू केली. बाजारातून नेहमीचे जिन्नस आणायचे, घरी करतात तसे सोलायचे, धुवायचे, शिजवायचे आणि मग तपासायचे. ही फार शहाणपणाची रीत आहे, कारण माणूस शेतातला तांदूळ खात नाही, भात खातो. पण सुरुवातीला नमुना म्हणून आहार घेतला तो सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलग्यांचा, कारण सर्वांत जास्त खाणारे तेच. सर्वांत जास्त खाणारा आणि वजनाच्या मानाने सर्वांत जास्त खाणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. तान्ही बाळे आणि दुडदुडणारी मुले या पाहणीत सत्तरच्या दशकात आली, आणि १९८२ पासून वय व लिंगानुसार आठ गट झाले.

फ्रान्सच्या ‘अन्सेस’ या संस्थेने पुढे जाऊन फक्त तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी पाहणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७० रसायने शोधली गेली आणि मुलांच्या आहाराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग त्यात आला. ज्या द्रव्यांबद्दल निष्कर्ष काढता आला त्यातल्या सुमारे नव्वद टक्के द्रव्यांबाबत काळजीचे कारण दिसले नाही. हा दिलासा छोटा नाही आणि तो मोकळेपणाने सांगायला हवा. उरलेल्यांत नऊ द्रव्यांची मात्रा कमी करणे तातडीचे ठरले: आर्सेनिक, शिसे, निकेल, डायऑक्सिन, पीसीबी, बुरशीची काही विषे, फ्युरान आणि ॲक्रिलामाइड. शेवटची दोन तर बाहेरून कोणी मिसळत नाही. अन्न तापवताना, भाजताना ती तयार होतात.

या सगळ्यांत शिशाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण वय बदलले की एकच द्रव्य किती वेगळे वागते हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

मोठ्या माणसाने शिसे गिळले तर त्यातले साधारण दहा टक्के रक्तात उतरते. लहान मुलात हेच प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. कारण शिसे आतड्यातून आत शिरते ते लोह आणि कॅल्शियम यांच्या वाटांनी, आणि वाढत्या शरीरात या वाटा सताड उघड्या असतात. अंगात लोह कमी असेल तर शरीर लोहासाठी त्या आणखी रुंद करते आणि लोहाबरोबर शिसे आणि कॅडमियमही आत येतात. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल (२०१९-२१) पाहा. देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. युरोपातल्या धडधाकट मुलासाठी काढलेला आकडा आपल्या अंगणवाडीतल्या मुलाला कसा लावणार? रक्तक्षय आणि अन्नातले शिसे ही दोन वेगळ्या खात्यांची कामे समजली जातात. मुलाच्या आतड्यात ती एकच आहेत.

पूर्वी शिशाचीही सहन होण्याजोगी मात्रा ठरलेली होती: दर किलो वजनामागे आठवड्याला २५ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ती मागे घेतली. त्या मात्रेला मुलांचा बुद्ध्यंक किमान तीन गुणांनी घसरतो आणि मोठ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे तीनने वाढतो, असे हिशेबात निघाले होते. मोठ्या माणसाच्या वाढलेल्या रक्तदाबावर गोळी मिळते. मुलाच्या मेंदूची जी घडण त्या वर्षांत व्हायची राहून गेली ती पुढे भरून काढता येत नाही. समितीने नवी सुरक्षित मात्रा दिलीच नाही.

आत गेलेले शिसे हाडांत जाऊन बसते. हाड त्याला कॅल्शियम समजते. ही एक मुदतठेवच म्हणायची, आणि तिची मुदत दशकांची. ती मोडली जाते ती नेमक्या नको त्या वेळी. गरोदरपणी बाळाची हाडे घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, त्याबरोबर तिच्या बालपणी साठलेले शिसेही निघते आणि नाळेतून बाळाकडे जाते. अंगावर पाजताना तेच, आणि पुन्हा पाळी गेल्यावर हाडे झिजू लागली की तेच. एखाद्या आजीच्या रक्तातले शिसे तिच्या कालच्या जेवणातले असेलच असे नाही. ते पन्नास वर्षांपूर्वीचेही असू शकते. यावर उपाय नाही असे मात्र नाही. मेक्सिको शहरातल्या गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर त्यांच्या रक्तातले शिसे सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिले. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या पुष्कळदा फडताळात पडून राहतात. त्या घेण्याचे हे आणखी एक कारण आहे, आणि ते तिला समजावून सांगायला हवे.

कॅडमियम असेच साठते, पण मूत्रपिंडात, आणि तिथे दहा ते तीस वर्षे टिकते. त्यामुळे त्याचा फटका उतारवयात दिसतो. जपानच्या तोयामा भागात कामिओका खाणीचे सांडपाणी जिंझू नदीत जात होते आणि त्या पाण्यावर भातशेती होत होती. तिथल्या इताई-इताई आजारात हाडे इतकी ठिसूळ होत की साध्या हालचालीने मोडत. बळी पडल्या त्या मुख्यतः पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बायका. त्यांच्या नवऱ्यांनी तोच भात खाल्ला होता. १९६८ मध्ये जपान सरकारने प्रदूषणातून झालेला आजार म्हणून त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तंबाखूचा उल्लेख इथे करावाच लागेल: तंबाखूचे रोप जमिनीतले कॅडमियम पानात साठवते, त्यामुळे विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात अन्नाखेरीज आणखी एक भर पडत असते.

पाऱ्याची तऱ्हा निराळी. मिनामाता या जपानी गावात १९५६ मध्ये आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली ती दोन लहान बहिणींच्या दुखण्यावरून. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातला पारा उपसागरातल्या मासळीत उतरला होता. पुढे अशी बाळे दिसू लागली की जन्मतःच त्यांचा मेंदू खिळखिळा झालेला, आणि आयांना मात्र फारसा त्रास नाही. मासे खाल्ले आईने, पारा ओढून घेतला बाळाने: मिथाइल पारा वारेतून सहज पार होतो आणि नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतो. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवायची रीत आहे. संशोधकांनी त्या नाळा मागून घेऊन तपासल्या आणि कोणत्या वर्षी किती पारा समुद्रातून पोटापर्यंत आला याचा पुरावा त्यांतून मिळाला.

कोकण-गोव्यातल्या वाचकाने यावरून मासे सोडायचे का? मुळीच नाही. माशातली चरबी त्याच गर्भाच्या मेंदूला हवी असते. निवड करायची ती माशाच्या आकाराची आणि वयाची, कारण छोट्या माशाला मोठा मासा खातो आणि दर पायरीला पारा वाढत जातो. तारली, बांगडा, मांदेली, बोंबील यांत तो कमी असतो. मोठ्या मोरीत, मोठ्या सुरमईत, येरात जास्त. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देण्याची चाल कित्येक घरांत आहे. त्यामागची माया खरी आहे. पण मुशी म्हणजे लहान शार्क. ती लहानच असावी, रोज नसावी, आणि गरोदरपणी तर तिच्याऐवजी तारलीचे तिखले केव्हाही चांगले.

नायट्रेटच्या बाबतीत वयाची खिडकी इतकी अरुंद आहे की ती महिन्यांत मोजतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होते. बाळाच्या पोटात आम्ल कमी असते, म्हणून तिथे जिवाणू वाढतात आणि नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्याने रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायचे थांबते. ते पूर्ववत करणारे विकर मोठ्यांच्या रक्तात पुरेसे असते, पहिल्या काही महिन्यांत नसते. तेच पाणी पिणाऱ्या आईबापांना काही होत नाही, म्हणून पाण्यावर संशयही येत नाही. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात महाराष्ट्रातल्या सुमारे एकतृतीयांश नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या भारतीय मर्यादेबाहेर होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड आणि नांदेड या जिल्ह्यांची नावे त्यात आहेत. कारण मुख्यतः युरिया आणि सांडपाणी. एक गोष्ट घरोघरी पोचायला हवी: पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते थोडे वाढतेच. अशा गावात पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणी नाही, हा सल्ला बाळाला थेट वाचवणारा आहे.

आईच्या दुधाचा विषय निघाला म्हणून सांगतो. डीडीटीसारखी चरबीत साठणारी रसायने आईच्या दुधात उतरतात हे १९५१ पासून माहीत आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटना स्तनपानाचाच आग्रह धरते आणि ते बरोबर आहे, कारण त्याचे फायदे या धोक्याहून फार मोठे आहेत. शिवाय या रसायनांवर बंदी आली तिथे दुधातले प्रमाण वर्षागणिक उतरत गेले आहे. दोष दुधाचा नाही. आईच्या ताटापर्यंत ते येऊ देणाऱ्यांचा आहे.

आता सुरुवातीला आलेल्या अफ्लाटॉक्सिनकडे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेबाहेर निघाले, आणि कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात ते अधिक होते. हे विष दुधात कोणी टाकत नाही. ओलसर राहिलेली शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड, मका यांवर बुरशी येते, जनावर ती खाते आणि दुधातून विष बाहेर पडते. तापवून ते जात नाही. म्हणजे बाळाच्या वाटीची काळजी गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यापासून सुरू होते. एक चांगली बाजूही आहे. हिपॅटायटिस-बीचा संसर्ग असलेल्या माणसात अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होण्याचा धोका तज्ज्ञांच्या हिशेबाने संसर्ग नसलेल्याच्या सुमारे तीसपट असतो. जन्मल्याबरोबर बाळाला मिळणारी हिपॅटायटिस-बीची लस त्याला आयुष्यभराच्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांपासूनही थोडे राखते.

कायद्याबद्दल माझी एक ठाम तक्रार आहे. डबाबंद शिशुआहारासाठी वेगळ्या आणि कडक मर्यादा असतात. युरोपात बाळांच्या पदार्थांसाठी वापरायच्या तांदळात आर्सेनिकची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे, मोठ्यांच्या तांदळाहून कमी. हे योग्यच. पण आपली बहुसंख्य मुले वर्षाची होता होता घरच्या ताटात जेवायला बसतात. आमटीतली हळद, किराणा दुकानातला तांदूळ, सुटे दूध. त्यांचा शिशुआहार हाच, आणि त्याला मर्यादा लागते ती मोठ्यांची.

हळदीचे उदाहरण म्हणूनच फार बोलके आहे. ग्रामीण बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे जास्त आढळले. जवळपास कारखाना नाही, भिंतीच्या रंगाशी किंवा पेट्रोलशी संबंध नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि त्यांचे बांगलादेशी सहकारी शोध घेत घेत हळदीपर्यंत पोचले. हळकुंडांना पॉलिश करताना झगझगीत पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट हा रंग चोळला जात होता. अख्खी हळद आणून घरी दळली की भेसळ टळते, या समजुतीचा इथे उपयोग नाही, कारण रंग हळकुंडावरच बसलेला असतो. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, सरकारने गिरण्या आणि बाजार तपासले, व्यापाऱ्यांना दंड केला, जागोजागी इशारे लावले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते सापडले नाही. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या रक्तातले शिसे साधारण ३० टक्क्यांनी उतरले.

याच गटाने २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या हळदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाटणा आणि गुवाहाटी इथल्या पॉलिश केलेल्या हळकुंडांत शिसे मर्यादेच्या कितीतरी पट होते. देशातल्या हळदीचा मोठा व्यापार सांगलीच्या बाजारातून होतो. सौद्याला आलेल्या पोत्यातली चिमूटभर हळद क्ष-किरणांच्या हातयंत्राने काही मिनिटांत तपासता येते. बांगलादेशात तपासनीसांनी हेच यंत्र वापरले. ते यंत्र आपल्या प्रत्येक मोठ्या मसाला बाजारात आणि त्याच्या जोडीला रक्तातले शिसे मोजण्याची सोय निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती विभागात असायला हवी.